विश्लेषण : ना वास, ना धूर, तरी जीव कसा जातो? थंडीत बंद खोलीत गॅस गिझर, हीटर, शेगडी किती धोकादायक?

डिसेंबर उजाडला की मोसम खोऱ्यात थंडीचा कडाका वाढतो. नामपूर परिसरात हे दिवस उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे. रात्रीची लाइट असली की शेतकरी मध्यरात्री पाणी भरायला जातो आणि पहाटे गारठून घरी येतो. अंघोळीला गॅस गिझरचे कढत पाणी लागते. डाळिंबाच्या बागेत राखणीला असलेला माणूस घमेल्यात निखारे घेऊन पत्र्याच्या खोलीत दार लावून झोपतो. हल्ली काही घरांत सिलिंडरवर चालणारे रूम हीटरही दिसू लागले आहेत. या तिन्हींत धोका एकच आहे, आणि तो बहुतेकांना वाटतो तो नाही.

गॅस म्हटले की आपल्याला भीती असते गळतीची. ती योग्यच आहे. पण गळती निदान कळते. एलपीजीला स्वतःचा वास जवळपास नसतो, म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. मात्र गॅस पेटला की हे रसायनही जळून जाते. जळणाला हवा कमी पडली तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. डोळेही चुरचुरत नाहीत. म्हणजे सिलिंडर, नळी, रेग्युलेटर सगळे ठणठणीत असताना, कुठेही गळती नसताना माणूस दगावू शकतो.

बाथरूममध्ये नेमके काय घडते?

थोडे गणित करू. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर ताशी साधारण पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. घरच्या शेगडीच्या चार-पाच बर्नरइतका हा जाळ. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीत गिझर जवळजवळ दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन वापरतो. आपल्याकडचे चार बाय सहा फुटांचे, आठ फूट उंचीचे बाथरूम घ्या. त्यात एकूण हवाच साडेपाच घनमीटरच्या आसपास. दार बंद, वाऱ्याची झुळूक नको म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला, तर एकाच अंघोळीत एक तृतीयांशाहून अधिक हवेतला ऑक्सिजन संपेल. त्याच्या बऱ्याच आधी ज्योत नीट जळेनाशी होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. त्यात घरातले एकामागून एक अंघोळीला जात असतील, तर शेवटच्याच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. हवेच्या दहा लाख भागांत तो ४०० भाग असेल, तर एक-दोन तासांत डोके दुखते. १६०० भाग असेल, तर वीस मिनिटांत चक्कर आणि मळमळ. आधी मेंदू सुस्तावतो, त्यामुळे दार उघडावे हे सुचत नाही. सुचले तरी हातपाय साथ देत नाहीत.

असे प्रकार खरेच घडतात का?

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमन येथे केरळच्या आठ पर्यटकांचा हॉटेलच्या एकाच खोलीत गुदमरून मृत्यू झाला. त्यात दोन जोडपी आणि चार मुले होती. खोलीत गॅस हीटर सुरू होता, दार आतून बंद आणि खिडक्याही लावलेल्या. मार्च २०२३ मध्ये मुंबईत घाटकोपरला होळी खेळून आलेले दाम्पत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडले. तेव्हाही संशय गॅस गिझरवरच होता.

निखारे तर धूर करत नाहीत, मग?

हाच सर्वांत मोठा गैरसमज. धूर संपला, निखारे लाल झाले की शेगडी आत घ्यायची, ही जुनी रीत. पण धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. कौलारू, फटीफटीतून वारा खेळणाऱ्या घरात ते खपून जायचे. स्लॅबच्या घरात आणि सरकत्या काचांच्या खिडक्यांमागे खपत नाही. शेकायचे तर अंगणात किंवा ओट्यावर, आणि झोपण्यापूर्वी निखारे बाहेरच विझवायचे.

गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या भिंतीवर बसवून फक्त पाण्याचा पाइप आत घ्यावा. प्लंबर ‘पाइप वाढेल’ म्हणून कुरकुर करतो, करू द्या. ते लगेच जमणार नसेल, तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार थोडा वेळ उघडे ठेवा आणि मग अंघोळीला जा. झरोका कायम उघडा हवा. ज्योत निळी असली पाहिजे; ती पिवळी पडली किंवा गिझरवर काजळी दिसली, तर दुरुस्ती होईपर्यंत तो वापरू नका. रूम हीटर सुरू ठेवून झोपू नये. खिडकी बोटभर उघडी असली तरी.

त्रास झाल्याचे कसे ओळखायचे?

डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे. ताप मात्र नाही. घरातल्या सगळ्यांना एकदमच असे होत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर पित्त समजून गोळी घेऊ नका. करोनाकाळात घेतलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलेच वाटते. आकडा ९८ दिसतो आणि रुग्ण अत्यवस्थ असतो.

कुणी बेशुद्ध सापडले तर आधी दारे-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. सटाणा किंवा मालेगावला न्यायचे असेल, तर वाटेतच ऑक्सिजन सुरू होणे महत्त्वाचे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. डॉक्टरांना ‘गिझर सुरू होता’ किंवा ‘शेगडी होती’ हे आवर्जून सांगा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक वेगळा आहे.

अलार्म घेणार असाल तर खोक्यावरचे नाव नीट वाचा. स्वयंपाकघरात लावतात तो गॅस गळतीचा अलार्म. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत बसवतात, आणि कार्बन मोनॉक्साइड त्याच्या गावीही नसतो. त्यासाठी वेगळा अलार्म मिळतो. तो झोपण्याच्या खोलीत, आपण श्वास घेतो त्या उंचीवर लावायचा.