कुपीतली जटामांसी

शोमरोनाच्या विहिरीवर लिहायचं ठरवलं होतं खरं, पण मध्येच इंदूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्याने मला दुसऱ्याच वाटेला लावलं. त्यांचं म्हणणं असं : बेथानी हे खेडं. तिथली मरीया जेवणावळीत पुढे येते आणि तीनशे दिनारांचं सुगंधी तेल येशूच्या पायांना लावते. मजुराचा रोज एक दिनार, हे तुम्हीच द्राक्षमळ्याच्या लेखात सांगितलंत. शब्बाथ आणि सणवार वगळले तर ही सगळ्या वर्षाची मजुरी झाली. खेड्यातल्या बाईच्या घरात एवढं महाग काय असणार? शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाने तिखटमीठ लावलंय का?

घरची परिस्थिती आधी उरकून घेऊ, कारण तिचा पुरावा योहानाच्याच अकराव्या अध्यायात आहे. मरीयेचा भाऊ लाजार वारला तेव्हा त्याला गुहेत ठेवलं आणि तोंडाशी धोंड लावली. खडकातली स्वतःची कबर गोरगरिबांना परवडत नसे. समाचाराला यरुशलेमेहून पुष्कळ मंडळी आली होती, म्हणजे शहरात ओळखीपाळखी होत्या. आणि बेथानी खेडं असलं तरी यरुशलेमेपासून पंधरा स्टेडियांवर, तीन किलोमीटरांच्या आतच. घर खाऊनपिऊन सुखी होतं. एवढ्यावर तो मुद्दा मिटला असं मी धरतो.

खरी मजा आहे ती कुपीत काय होतं त्यात. मार्क आणि योहान दोघेही नाव घेऊन सांगतात : नार्द. मराठी बायबलात आपण तिथे जटामांसी वाचतो आणि पुढे जातो. पुढे जाऊ नये. जटामांसी हिमालयात होते, तीन ते पाच हजार मीटरांवर, झाडांची हद्द संपते तिथल्या कुरणांत आणि खडकाळ उतारांवर. काश्मीर-कुमाऊंपासून नेपाळ-भूतानपर्यंत तिचा पट्टा. पॅलेस्टाइनमध्ये ती उगवत नाही, इजिप्तमध्ये नाही, अरबस्तानात नाही. बेथानीच्या घरात जो वास भरला, तो आपल्याकडून गेलेल्या मुळीचा होता.

आणि ती गेली कुठून? इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचं नाव टिकलं नाही, पुस्तिका टिकली : ‘पेरिप्लस’. येशूनंतर फार तर वीस-तीस वर्षांची ती आहे, म्हणजे शुभवर्तमानांच्याच पिढीतली. तिच्यात भडोचच्या बंदराचं वर्णन आहे आणि लगेच पुढे सांगितलंय की पूर्वेला आत ओझेनी नावाचं शहर आहे, तिथे पूर्वी राजधानी होती. ओझेनी म्हणजे आपली उज्जयिनी. इथून भडोचला काय उतरायचं? अकीक, मलमल, जाडंभरडं कापड. आणि वरच्या मुलखातून, पुष्कलावतीहून, म्हणजे पेशावरजवळच्या चारसद्द्याहून, याच वाटेने येणारी जटामांसी. जोडीला कोष्ठ आणि गुग्गुळ. काबूलकडची जटामांसी वेगळी, हिंदुकुशातली वेगळी, अशा प्रतीसुद्धा त्याने मोजून दिल्यात. गडी व्यापारी होता, भाविक नव्हता, म्हणून मला त्याचा भरवसा वाटतो.

मी राहतो ते नानाखेडं त्या काळी उज्जयिनीत नव्हतंच, हे कबूल. जुनं शहर उत्तरेला, क्षिप्रेकाठी गढकालिकेच्या बाजूला. 1950च्या दशकात तिथे खोदलं तेव्हा मातीचा प्रचंड तट आणि खंदक निघाला. पण भडोच पडतं नैऋत्येला, आणि शहराच्या दक्षिण टोकाला इंदूर रोडवर राहणाऱ्या माणसाने तांडे आपल्या अंगणावरून गेले असं थोडंफार मानून घेतलं तर कुणाचं काही जात नाही.

भडोचचा राजा त्या पुस्तिकेत मॅम्बेनस म्हणून येतो. अभ्यासक त्याला क्षहरात क्षत्रप नहपान मानतात. हा आपल्या परिचयाचा गृहस्थ. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्याचं तो सांगतो. दशपुर म्हणजे आमच्या शेजारचं मंदसौर, शूर्पारक म्हणजे नालासोपारा. नाशिकला लेणी बघायला जाणाऱ्या मराठी माणसाने तो लेख नुसत्या दानधर्माचा म्हणून वाचू नये. धर्मशाळा ज्या वाटांवर होत्या त्यांच्यावरून माल चालत होता. आणि त्या मालात जटामांसी होती.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. भडोचच्या खाडीत भरती-ओहोटी इतकी भयंकर की परक्या जहाजांना ओढून आत आणायला राजाने स्थानिक कोळी नेमलेले असत. मिसरातून जहाजं जुलैत सुटत, मोसमी वारा पाठीशी घेऊन येत आणि हिवाळ्यात उलट्या वाऱ्यावर परतत. तिकडे बेरेनिके नाहीतर म्योस होर्मोस बंदर, मग वाळवंटातून उंटांवर कोप्तोस, तिथून नाईलवर नावा आणि शेवटी अलेक्झांड्रिया. आणि या सगळ्यावर रोमची जकात होती पंचवीस टक्के, चक्क चौथाई. मराठ्यांच्या चौथाईवर तावातावाने लिहिणाऱ्यांनी एकदा हेही हिशेबात धरावं.

आता मन मोठं करून एक सांगतो, म्हणजे उज्जैनकर मंडळी रागावली तरी चालेल. जटामांसी फक्त आमच्याच वाटेने जात नव्हती. सिंधूच्या मुखाशी बार्बरिकॉन बंदर होतं, तिथूनही ती निघे. गंगेकडची जटामांसी केरळात मुझिरिसला पोचे. व्हिएन्नाच्या ग्रंथालयात दुसऱ्या शतकातला एक पपायरस आहे; त्यात हर्मापोलोन नावाच्या जहाजाच्या मालाची किंमत मांडली आहे. तीत गंगेच्या जटामांसीच्या 60 पेट्या आहेत, पेटीला 4,500 द्राख्मा दराने. तेव्हा मरीयेची कुपी उज्जयिनीचीच असं मी छातीठोक म्हणणार नाही. तीन दारं होती, त्यांतलं एक आमचं.

किमतीकडे येऊ, कारण पत्राचा रोख तिथेच आहे. रोमचा प्लिनी, जो 79 साली व्हेसुव्हियसच्या स्फोटात गेला, त्याच्या ‘निसर्गेतिहासा’त भाव दिलेत. जटामांसीच्या कणसाला पौंडाला शंभर दिनार. हा नुसत्या मुळीचा भाव. तयार सुगंधी तेलात ती एकटी नसे. कोष्ठ, बोळ, बाल्सम असं बरंच काही पडे, आणि भारी तेलं पौंडाला चारशे दिनारांच्याही वर जात असं तोच म्हणतो. योहानाने तेलाचं माप दिलंय एक लित्रा, म्हणजे एक रोमन पौंड, सव्वातीनशे ग्रॅम. आता मांडा हिशेब. शंभराच्या वर, चारशेच्या आत, शुद्ध माल : तीनशे. हे तेल विकून गरिबांना का दिलं नाही, असं म्हणताना शिष्य यहूदा इस्कर्योताने उच्चारलेला आकडा बाजारभावाला धरून आहे. योहान सांगतो की पैशाची थैली त्याच्याकडे असे. भाव माहीत असलेला माणूसच असं चटकन बोलतो. तिखटमीठ कुठेच नाही.

शुद्ध म्हणण्यालाही कारण आहे. एवढी किंमत म्हटल्यावर भेसळ आलीच. प्लिनीने तीही लिहून ठेवली : कुठेही उगवणारं एक नकली नार्द मिसळतात, वजन भरायला मुळं, डिंक, मुरदाडशिंग आणि सुरमा घालतात. अस्सल ओळखायच्या खुणा त्याने चार दिल्या. वजनाला हलकी, रंगाने तांबूस, वासाला गोड, आणि चावली की तोंड कोरडं पडतं.

एवढं वाचल्यावर घरी बसवेना. गोपाळ मंदिराच्या बाजूला काष्ठौषधींची दुकानं आहेत, तिथल्या एकाकडे गेलो. त्याने डब्यातून मूठभर काढून कागदावर ठेवली : करंगळीएवढे तुकडे, सगळ्या अंगाला तांबूस तपकिरी केस, एकाच दिशेला विंचरल्यासारखे, टोकाकडे झुपकेदार. रोमन लोक हिला कणीस का म्हणत, ते हातात घेतलं की पटतं. वजन नसल्यातच जमा. एक तुकडा दाढेखाली धरला. आधी कडवट, मग तुरट, मग टाळू सुकली. दुकानदार बघत होता. म्हणाला, “बाबूजी, ये चबाने की नहीं, तेल में डालने की चीज़ है.” दोन हजार वर्षांपूर्वीच्या परीक्षेत तीन खुणा उतरल्या. वासाचं मात्र घरी एकमत झालं नाही. मला तो ओल्या मातीचा, जुन्या लाकडी पेटीचा, खोल आणि चिवट वाटला. बायको म्हणाली, कपाटात ठेवायचं नाव काढू नका.

ज्या मुळीला प्लिनी नार्द म्हणतो ती हीच, हे तरी कसं ठरलं? कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांना हा छंद लागला होता. अरबी वैद्यकात नार्दाला ‘सुंबुल-ए-हिंद’ म्हणत. जोन्स यांनी इथल्या हकिमांना ती वस्तू दाखवा म्हटलं, तर त्यांच्यासमोर जटामांसी आली. 1790 साली ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या दुसऱ्या खंडात त्यांनी हे छापलं. त्याच सुमारास गिल्बर्ट ब्लेन नावाचे डॉक्टर एका सुगंधी गवतालाच नार्द म्हणत होते. तो वाद मोठा गमतीचा आहे, पण निकाल जोन्सच्या बाजूने लागला. आज ही वनस्पती अतिधोक्यातल्या यादीत आहे आणि 1997पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. मुळी उपटायची असल्याने झाड राहत नाही. पहिल्या शतकातही ती उपटूनच येत होती. फक्त खपवणारी अलेक्झांड्रिया एकच होती.

पत्रात एक उपप्रश्नही होता : मत्तय आणि मार्क तेल डोक्यावर ओततात, योहान पायांना लावतो, आणि मेजाखालचे पाय तिच्या हाताशी आले कसे? इथे लिओनार्दोच्या चित्राने आपला घात केलाय. मेजवानीच्या वेळी लोक खुर्च्यांवर बसत नसत. डाव्या कोपरावर रेलून कलंडत, तोंड ताटाकडे आणि पाय मागे, भिंतीच्या बाजूला. वाढणाऱ्या माणसाला आधी पाहुण्यांचे पाय लागत. बाहेरून आलेल्याचे पाय धुणं आणि डोक्याला तेल लावणं हा पाहुणचार होता; तो केला नाही म्हणून लूकाच्या सातव्या अध्यायात येशू परूशी शिमोनाला सुनावतो. ती लूकाची बाई निराळी, गाव निराळं. आणि या दोघींपैकी कुणीच मग्दालीया नव्हे. तिघींची एक केली ती पोप ग्रेगरी यांनी 591च्या प्रवचनात, आणि चित्रकारांनी ते मनावर घेतलं.

लोकांना धक्का बसला तो तेलाने कमी, केसांनी जास्त. परक्या पुरुषांच्या पंगतीत घरंदाज बाईने केस सोडावेत आणि त्यांनी पाय पुसावेत, हे आपल्या आजीच्या पिढीला समजावून सांगावं लागलं नसतं. तक्रार मात्र झाली पैशाची, कारण ती चारचौघांत बोलता येते. सण वल्हांडणाचा होता आणि त्या दिवसांत गरिबांना देणं ही रीत होती. पुढच्याच अध्यायात यहूदा रात्री उठून बाहेर जातो तेव्हा काहींना वाटतं, तो सणाची खरेदी करायला किंवा दानाला निघाला. म्हणजे तीनशे दिनार गरिबांना द्या ही सूचना वरवर अगदी धर्माला धरून. येशूचं उत्तरही पुष्कळदा अर्धंच सांगितलं जातं. गरीब सदा तुमच्यापाशी राहतील हे अनुवादाच्या पंधराव्या अध्यायातलं आहे, आणि तिथे लगोलग हात सढळ ठेवण्याची आज्ञा आहे. ऐकणाऱ्यांना पुढचा भाग पाठ होता. आपल्याकडे तो गळतो, आणि मग काही न करण्याला ते वचन कामी येतं.

जाता जाता हिशेबाचा शेवटचा आकडा. मत्तय आणि मार्क दोघेही या प्रसंगाला लागूनच यहूदाला याजकांकडे पाठवतात, आणि मत्तय रक्कम देतो : रुप्याची तीस नाणी. ती बहुधा सोरची शेकेल, एकेक चार दिनारांची. म्हणजे एकशे वीस दिनार. जटामांसीची कुपी त्याच्या अडीचपट. त्या सोरी नाण्यावर मेल्कार्त या परक्या देवाचा मुखवटा असे आणि तरीही यरुशलेमेच्या मंदिरात कर भरायला तेच चाले. का चाले, त्याला एक अख्खा लेख लागेल.