पिसदुऱ्याची साक्ष

धायरीच्या टेकडीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात डायनासोरची हाडे शोधू नयेत. उकळत्या रसात काय टिकणार? पण चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातील पिसदुऱ्याला, याच लाव्हाच्या थरांखालचे गाळाचे खडक उघडे पडले आहेत. तिथे डायनासोरची हाडेच नव्हे, त्यांचे शेणही दगड होऊन पडले आहे.

हसू नका. या शेणात वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, किमान पाच जातींच्या गवतांचे. डायनासोर नष्ट झाल्यावर पुष्कळ काळाने गवते पसरली, हा समज 2005 साली त्यांच्या शोधनिबंधाने मोडीत निघाला. आम्ही वकील माणसे. नवा पुरावा येताच जुना निष्कर्ष सोडून देणारी ही रीत आम्हाला भावते. मुखातून कोण जन्मले आणि पायातून कोण, या कथेची उलटतपासणी कधी कुणी होऊ दिली?

आणि 2023 साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीच वगळली. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे, असे सांगतात. आहे, पण दहावीनंतर शाळा सुटलेल्या, आयटीआयला किंवा कॉमर्सला गेलेल्या आमच्या मुलामुलींना ती कोण शिकवणार? वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाच्या कलम 51-क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, फक्त बारावी सायन्सवाल्यांचे नव्हे.