गोन्साल्विस, अँथनी

गोन्साल्विस, अँथनी : (१९२७–१८ जानेवारी २०१२). व्हायोलिनवादक, संगीतरचनाकार, हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद-संयोजक व संगीतशिक्षक. जन्म गोव्यातील सासष्टी तालुक्यात माजोर्डा येथे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चना जोडलेल्या पाठशाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपीचे, समूहगायनाचे व व्हायोलिनवादनाचे शिक्षण मिळे. अँथनी यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख असल्याने हे संस्कार त्यांच्यावर बालपणीच झाले. १९४३ साली ते मुंबईस आले व नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले. पुढे त्यांनी अनिल विश्वास, गुलाम हैदर इ. संगीतदिग्दर्शकांकडेही काम केले.

त्या काळी संगीतदिग्दर्शक चाल बहुधा गाऊन वा हार्मोनियमवर वाजवून दाखवीत. ती ऐकून प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र स्वरपट लिहून काढणे हे संयोजकाचे काम असे. गायक व सर्व वादक यांचे ध्वनिमुद्रण एकाच वेळी होत असल्याने स्वरलिपी वाचणाऱ्या गोमंतकीय वादकांवर व संयोजकांवर चित्रपटसंगीताची बरीच भिस्त होती. तथापि चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच येत.

हिंदुस्थानी रागसंगीत व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणे, हा गोन्साल्विस यांचा ध्यास होता. हे काम वाटते तितके सोपे नाही. रागसंगीत तंबोऱ्याच्या अचल षड्जावर उभे असते. उलट पाश्चात्त्य वाद्यवृंदात चेलो, डबल बास ह्यांसारख्या खर्जाच्या वाद्यांचे स्वर बदलत जातात आणि खालचा स्वर बदलला, की वरच्या सुरावटीचा भावही पालटतो. शिवाय एकत्र वाजणाऱ्या स्वरसंघातांत रागाला वर्ज्य असलेले स्वर शिरण्याचा धोका असतो. उदा., वृंदावनी सारंगात गंधार व धैवत वर्ज्य आहेत. परंतु षड्जावरील नेहमीच्या त्रिस्वरी संघातात गंधार अपरिहार्य असतो. सोनातिना इंडियाना व राग सारंगवर आधारित कॉन्चेर्तो ह्या गोन्साल्विस यांच्या रचना ह्या मेळाच्या शोधातूनच निर्माण झाल्या. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ ह्या आपल्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम सादर केला. त्यात सु. ११० वादक होते आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांनी एकलगायन केले.

शिक्षक म्हणूनही त्यांचे कार्य महत्त्वाचे आहे. ‘लक्ष्मीकांत–प्यारेलाल’ ह्या जोडीतील प्यारेलाल शर्मा हे व्हायोलिनवादनात त्यांचे शिष्य. राहुलदेव बर्मन यांनीही त्यांच्याकडे काही काळ शिक्षण घेतले. १९६५ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाची अधिछात्रवृत्ती मिळाल्याने गोन्साल्विस अमेरिकेस गेले. तेथून परतल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर राहून त्यांनी माजोर्डा येथे वास्तव्य केले.

अमर अकबर अँथनी (१९७७) ह्या चित्रपटातील एका गीतात लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांनी नायकाच्या तोंडी गोन्साल्विस यांचे पूर्ण नाव घालून गुरुऋण व्यक्त केले. गीत घरोघरी पोहोचले. पण ते नाव एका वास्तव संगीतकाराचे आहे, हे बहुसंख्य श्रोत्यांना ठाऊक नव्हते. अलीकडच्या काळात चित्रपटसमीक्षक अशोक राणे यांच्या अनुबोधपटामुळे व वादक-संयोजकांविषयीच्या संशोधनामुळे त्यांच्या कार्याची ओळख अधिक व्यापक झाली. गोव्यात त्यांचे निधन झाले.