संगणकांचा शेजारधर्म

आमच्या शहापूर तालुक्यात ‘धरण उशाला अन् कोरड घशाला’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. भातसानगरला राहणाऱ्या माझ्यासारख्याला तिचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. भातसेचे पाणी नदीतून पिसे येथे जाते, तेथून उपसून पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईच्या नळांना पोचते. तालुक्यातले कित्येक पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. संगणकाच्या बाबतीतही अशी कोरड पडू शकते. फाईल शेजारच्याच खोलीत असते आणि आपल्याला उघडता येत नाही. असे का होते आणि त्यावर उपाय काय, ते येथे सांगतो.

मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी ठाकर आणि कातकरी वाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायांची गाणी ध्वनिमुद्रित केली आहेत. गाणाऱ्यांपैकी काहीजणी आज हयात नाहीत. हे सारे ध्वनिमुद्रण ग्रंथालयातील विंडोजच्या एका संगणकावर, सामाईक फोल्डरमध्ये आहे. ते ऐकून उतरवून घेण्याचे काम आम्ही करतो ते जुन्या यंत्रांवर. त्यांना नवे विंडोज पेलत नाही, म्हणून त्यांवर लिनक्स आहे. या दोहोंमधला आमचा दुवा ‘पायनेबरहूड’ नावाचे एक छोटेसे साधन होते. इमारतीतले संगणक ते यादीसारखे मांडून दाखवी. हव्या त्या नावावर टिचकी मारली की फोल्डर हजर! गेल्या वर्षी लिनक्सची आवृत्ती बदलली आणि हे साधन नाहीसे झाले.

कारण साधे आहे. ते पायथन भाषेच्या दुसऱ्या पिढीत लिहिलेले होते. त्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली, आणि नव्याने लिहिली न गेलेली साधने लिनक्सच्या संचांतून हळूहळू वगळली गेली. यात कोणाचा दुष्टावा नाही. हौशी नाटकमंडळींचे जे होते तेच येथेही होते : फुकट वेळ देणारा माणूस संसाराला लागतो आणि प्रयोग बंद पडतात.

परंतु पायनेबरहूड ही केवळ पडवी होती. घर निराळेच आहे. संगणकांनी एकमेकांना फायली कशा द्याव्यात याची ‘एसएमबी’ नावाची बोली १९८३ साली आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपलीशी केली. १९९२ च्या सुमारास कॅनबेरा येथे संशोधन करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तारेवरून जाणारे निरोप न्याहाळून ही बोली उलगडली आणि तिच्यावर स्वतःची प्रणाली लिहिली. एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द त्याने शब्दकोशात शोधले. त्यात ‘सांबा’ सापडला! हा सांबा आजही धडधाकट आहे.

मग शेजारचा संगणक यादीत दिसत का नाही? पूर्वी जाळ्यातले संगणक आपापली नावे पुकारीत आणि त्यांच्यातला एक सर्वांची यादी ठेवी. हा यादीवाला ठरवण्यासाठी संगणकांत चक्क निवडणूक होत असे. ही सारी व्यवस्था एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर उभी होती. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने त्याच आवृत्तीतील भोकातून जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षीच्या शेवटी विंडोज १० च्या नव्या प्रतींत ती आवृत्ती आपोआप बसवणे बंद झाले. २०१९ मध्ये सांबानेही ती मुळात बंद ठेवली. यादी गेली ती अशी. पण यादीत नाव नसले म्हणून शेजारी गाव सोडून गेला असे होत नाही. पत्ता ठाऊक असला की दार उघडते.

म्हणून आधी पत्ता मिळवावा. विंडोजच्या संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की चार आकडी गटांचा पत्ता दिसतो. राउटरमध्ये तो त्या यंत्रासाठी राखून ठेवावा, नाहीतर उद्या तो बदलेल. नंतर लिनक्सच्या फाईल दाखवणाऱ्या खिडकीत कंट्रोल आणि एल ही बटणे एकदम दाबावीत. उघडलेल्या चौकटीत रोमन लिपीत एसएमबी, अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा, तो पत्ता, आणखी एक तिरपी रेघ व फोल्डरचे नाव लिहावे. नाव आणि परवलीचा शब्द विचारला जाईल, आणि फोल्डर उघडेल. वेगळे काहीही बसवावे लागत नाही. एखादी फाईल पाहण्यापुरते एवढे पुष्कळ झाले.

आमचे एवढ्याने भागेना. काही जुनी ध्वनिसाधने अशा वाटेने आलेली फाईल नीट वाचत नाहीत. त्यांच्यासाठी फोल्डर आपल्याच डिस्कचा भाग असल्यासारखा जोडावा लागतो. यालाच ‘माउंट’ करणे म्हणतात. त्याकरिता लागणारा ‘सीआयएफएस’ हा भाग लिनक्सच्या गाभ्यातच आहे. सोबत ‘सीआयएफएस-युटिल्स’ बसवावे. जोडताना ‘यूआयडी’ हा पर्याय दिला नाही तर फाईल वाचता येते, पण लिहिता येत नाही, आणि आमचे तर सारे काम लिहिण्याचे! ‘आयओकॅरसेट’ या पर्यायात यूटीएफ-८ सांगावे, म्हणजे फायलींच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येत नाहीत.

दररोज ही आज्ञा देण्यापेक्षा ती ‘एफस्टॅब’ या फाईलमध्ये एकदाच नोंदवावी. परवलीचा शब्द मात्र तेथे उघडा लिहू नये, कारण ती फाईल कोणालाही वाचता येते. तो वेगळ्या फाईलमध्ये ठेवून ती फक्त मुख्य वापरकर्त्याला वाचता येईल असे करावे. नोंदीत ‘नोफेल’ हा शब्दही असावा. ग्रंथालयातला संगणक अजून सुरू झालेला नसला, तरी आमची यंत्रे सकाळी त्याच्यासाठी अडून बसत नाहीत.