पायडलची होडी निवडताना

ब्रह्मदेशातील इन्ले सरोवरावरचे इंथा कोळी होडीच्या टोकाशी एका पायावर उभे राहतात आणि दुसरा पाय वल्ह्याभोवती गुंडाळून होडी वल्हवतात. पाहणाऱ्यास ही कसरत वाटते. परंतु तीत चमत्कृतीपेक्षा व्यवहार अधिक आहे. मासे पकडावयास दोन्ही हात लागतात. हात वल्ह्यात गुंतले की जाळे खाली ठेवावे लागते, आणि जाळे उचलले की होडी वाऱ्याच्या मर्जीने वाहू लागते. इंथा कोळ्यांनी ही अडचण पायावर सोपवून सोडवली. नेमकी हीच अडचण अमेरिकेतील हौशी गळवाल्यांपुढे कयाक नावाच्या लहान होडीत उभी राहिली, आणि तिचे जे यांत्रिक उत्तर निघाले, ते म्हणजे पायडलने चालणारी कयाक होय. आपल्या देशात ही होडी अद्याप तुरळकच दिसते. परंतु पाण्यावर गरवण्याची हौस ज्याला आहे, त्याला तिची पारख कशी करावी हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

कयाक मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची. लाकडाचा किंवा हाडांचा हलका सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे, अशी तिची घडण असे. शिकारी कमरेपर्यंत आत शिरून बसे. बाहूंचा पसारा, कमरेची रुंदी अशा स्वतःच्याच शरीराच्या मापांनी तो ती बांधी, म्हणून ती अंगरख्यासारखी त्याला बेतशीर बसे. आजची मासेमारीची कयाक तिचे नाव तेवढे सांगते. पॉलिएथिलीनची पूड तापलेल्या, फिरत्या साच्यात वितळवून हिचे एकसंध पोकळ अंग घडवतात. माणूस आत न बसता वर बसतो, आणि आत उसळलेले पाणी तळातील आरपार भोकांवाटे आपोआप निघून जाते. होबार्ट ऑल्टर (1933-2014) या लाटांवरच्या फळ्या घडवणाऱ्या कारागिराचे नाव लावणाऱ्या कॅलिफोर्नियातील होबी कंपनीने 1997 मध्ये अशा कयाकीला पायांनी चालवावयाचे यंत्र बसवले. पुढे इतर कारखानदार आपापली यंत्रे घेऊन बाजारात उतरले, आणि आज गिऱ्हाइकापुढे पर्यायांची गर्दी झाली आहे.

या गर्दीत मुख्य जाती दोनच. पहिलीत सायकलीप्रमाणे पायडल गोल फिरवावयाचे असते; त्याने बुडाखालचा लहानसा पंखा फिरतो. दुसरीत पायडल आळीपाळीने पुढे रेटावयाचे असते. त्याने तळाखालचे दोन लवचिक पर, पेंग्विन पक्ष्याच्या पंखांप्रमाणे, डावीउजवीकडे पाणी सारतात. होबीचे यंत्र या दुसऱ्या जातीचे. दोन्हींत चांगले कोणते, असा प्रश्न विक्रेत्यास विचारला तर जे त्याच्या दुकानात असेल ते चांगले, असे उत्तर मिळेल. खरा प्रश्न यंत्राचा नसून पाण्याचा आहे.

फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील उथळ पाणी घ्या. गुडघाभर खोल, तळाशी सागरी गवताची कुरणे, कडेला कांदळवन. येथे पंखा अडचणीचा ठरतो, कारण तो बुडाखाली फूट-दीड फूट उतरतो. तळास टेकतो, आणि गवताचे धागे त्याच्या दांड्याभोवती सुतासारखे गुंडाळले जातात. मग यंत्र वर ओढून, धागे सोडवून पुन्हा खाली सोडावे लागते. तोवर मासा कोठेच्या कोठे गेलेला असतो. पर असलेल्या यंत्रात एक पायडल पूर्ण पुढे रेटून ठेवले की दोन्ही पर बुडास चिकटून आडवे होतात, आणि होडी अडथळ्यावरून अलगद सरकते. गवतही त्यांच्यावरून बव्हंशी निसटून जाते.

याच्या उलट स्थिती अंतर्भागातील धरणांच्या जलाशयांत आढळते. पाणी साठवताना पुष्कळदा खालचे रान तसेच बुडवले जाते. केरळातील पेरियारच्या जलाशयात, 1895 मध्ये धरण पुरे झाल्यापासून, वठलेल्या वृक्षांची खोडे पाण्यातून अजून वर डोकावताना दिसतात. अमेरिकेतील अनेक जलाशयांचे चित्र असेच आहे. बास मासा अशाच खोडांच्या आडोशास राहतो, आणि गळास लागला की तो पहिली धाव खोडांच्या जंजाळाकडे घेतो. दोर तुटावयाचा नसेल तर त्या क्षणी होडी मागे घेता आली पाहिजे. पंख्याच्या यंत्रात पायडल उलटे फिरवले की होडी तत्काळ मागे सरते. परांच्या जुन्या यंत्रांत ही सोय मुळीच नव्हती. नंतरच्या यंत्रांत दोरी ओढून पर उलटे वळवण्याची योजना आली. म्हणून जुने यंत्र स्वस्त मिळते आहे या आनंदात असलेल्या गिऱ्हाइकाने, ते मागे चालते काय, एवढे आधी विचारावे.

तिसरे पाणी खुल्या समुद्राचे. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ ला होया येथे समुद्राखालील खोल घळ किनाऱ्याच्या अगदी जवळ येते. त्यामुळे जे मोठे मासे एरवी लांब गेल्याविना मिळत नाहीत, ते येथे लहान होडीच्या आवाक्यात येतात. (तेथील काही भाग राखीव असून त्यात मासेमारीस बंदी आहे.) परंतु जावयाचे ते फुटत्या लाटांमधून, आणि पुढे केल्प नावाच्या प्रचंड सागरी वनस्पतीच्या रानाला वळसा घालून. लाटांतून किनाऱ्यास लागताना तळाखाली काहीही लोंबत असणे धोक्याचे. यंत्र आधीच वर घ्यावे लागते. तेव्हा ते किती सुलभतेने वर येते हे दुकानाच्या गालिच्यावर पाहून चालत नाही, ओल्या हातांनी पाण्यात पाहावे लागते.

लांबीरुंदीविषयी फार बोलण्याचे कारण नाही. बहुतेक होड्या दहा ते चौदा फुटांच्या असतात. लांब होडी सरळ व वेगाने जाते, आखूड होडी चटकन वळते. वेगाचा मोह मात्र आवरावा. पाण्यावर तरंगणाऱ्या होडीचा वेग तिच्या स्वतःच्याच लाटेने बांधलेला असतो. पाणरेषेची लांबी बारा फूट असेल तर ती मर्यादा ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास येते, आणि तिच्या जवळ जाताना श्रम झपाट्याने वाढतात. सामान्य माणूस दिवसभर ताशी पाच किलोमीटरने जाईल, मग जाहिरात काहीही म्हणो.

रुंदीच्या बाबतीत मात्र एक गैरसमज रूढ आहे. तीन फूट रुंद होडीत उभे राहून गळ टाकता येतो, म्हणून ती सुरक्षित, असे समजतात. शांत पाण्यात ते खरे आहे. परंतु तीच होडी उलटली की पालथ्या टेबलासारखी स्थिर बसते, आणि सामानासकट तिला पुन्हा सुलटी करणे एकट्या माणसाला जड जाते. म्हणून विकत घेण्यापूर्वी तीरालगतच्या पाण्यात, जाकीट घालून, सोबतीला कोणी असताना, ती मुद्दाम उलटवून पाहावी, सुलटी करावी, कडेवरून छाती टाकून पुन्हा वर चढून पाहावे. जी होडी आपल्याला उलटल्यावर सुलटी करता येत नाही, ती कितीही देखणी असली तरी आपली नव्हे. विक्रेता कुरकुर करील, करू द्यावी.

या परीक्षेस एवढे महत्त्व देण्याचे कारण पायडलच्या गुणातच दडलेले आहे. मांड्यांचे स्नायू दंडांच्या मानाने फार बलवान. ते थकल्याची जाणीव उशिरा होते. वल्हवणारा माणूस हात भरून येताच परत फिरतो. पायडल मारणारा मात्र गप्पा मारीत, दोर मागे सोडून, किनारा बारीक होईपर्यंत जातो. आता हिशेब पाहा. ओहोटीचा प्रवाह ताशी दोन किलोमीटर बाहेर वाहतो आहे आणि आपण ताशी पाचने चालतो आहोत. तासाभरात आपण सात किलोमीटर दूर जातो. परत फिरल्यावर किनाऱ्याकडे आपला खरा वेग उरतो ताशी तीन किलोमीटर. म्हणजे जे अंतर एका तासात तोडले त्याला परतीस दोन तास वीस मिनिटे लागतील, तीही पाय ताजे आहेत असे धरून. त्यात वाऱ्याची भर पडते. आपल्या कोकणातील कोळी पहाटेच्या मतलई वाऱ्याला ओळखून असतो. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा हा वारा किनाऱ्याशी निरुपद्रवी वाटतो, आणि दूर गेल्यावर त्याचे बळ कळते. कॅलिफोर्नियात सँटा ॲना नावाचे कोरडे वारे असेच जमिनीकडून समुद्राकडे सुटतात, आणि ते पुष्कळ अधिक जोरकस असतात.

आणि यंत्र ते यंत्रच. खीळ तुटते, साखळी अडकते, वाळू शिरते. तेव्हा पायडल बंद पडल्यावर ही रुंद, जड होडी नुसत्या वल्ह्याने वाऱ्याविरुद्ध अर्धा तास चालवता येते काय, हे खरेदीपूर्वीच पाहावे. बसण्याची जागा अशी असावी की वल्हे दोन्ही बाजूंना पाण्यास पोचेल. काही होड्यांत आसन इतके उंच आणि कड इतकी रुंद असते की वल्हे केवळ शोभेला राहते. अशी होडी लहान तळ्यात खुशाल वापरावी, खुल्या समुद्रासाठी घेऊ नये. वल्हे दोरीने बांधलेले असावे, आणि अंगातील जाकीट उंच पाठीच्या आसनाशी अडणार नाही असे असावे. अडणारे जाकीट माणूस काढून ठेवतो.

इन्युइट शिकाऱ्याची अंगाचे माप घेण्याची रीत येथेही लागू पडते. पाय पूर्ण पुढे रेटला असता गुडघा किंचित वाकलेला राहावा. तो ताठ होत असेल किंवा छातीशी येत असेल, तर तासाभरात दुखू लागतो. आसन व पायडल यांतील अंतर बदलता येत नाही अशी होडी घरातील दोघांनी मिळून वापरण्याचा विचार सोडून द्यावा. भाराचा जो आकडा छापलेला असतो त्याच्या दोन तृतीयांशावर थांबावे. त्यात स्वतःचे वजन, बर्फाची पेटी, पिण्याचे पाणी आणि मिळालीच तर मासळी, सारे धरावे.

उरते ती होडी पाण्यापर्यंत नेण्याची गोष्ट. पायडलची होडी बहुधा चाळीस ते साठ किलोंची असते. ती मोटारीच्या टपावर एकट्याने चढवणे हे तरुणाचेही काम नव्हे. खाली लावावयाचा दोन चाकांचा गाडा घ्यावाच लागतो, आणि किनारा वाळूचा असेल तर त्याची चाके रुंद व फुगीर हवीत. बारीक चाके वाळूत रुततात. कोणाची वापरलेली होडी मिळत असेल तर तिचा तळ उन्हात उताणा करून पाहावा. वरचे ओरखडे फारसे महत्त्वाचे नसतात. परंतु यंत्र ज्या खाचेत बसते तिच्या कोपऱ्यांत केसासारखी चीर दिसली, तर तेथूनच पाणी आत झिरपते. होडीत थोडे पाणी घालून, ती हलवून, बाहेरून त्या कोपऱ्यावर कोरडा कागद धरावा. कागद ओला झाला तर व्यवहार तेथेच थांबवावा.