गुंजेचे दोन हिशेब

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे जाताना सावली लागते. या टापूतील झुडपी रानात आणि शेताच्या कुंपणांवर गुंजेचा नाजूक वेल चढलेला आढळतो. शेंगा उकलल्या की काळ्या टिकलीच्या लालभडक बिया दिसू लागतात. मुलांना त्यांचा मोह पडावा, यात नवल नाही.

आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हा जुन्या पिढीचा पाठ. म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा आणि एका गुंजेचे वजन सुमारे १२१ मिलिग्रॅम. सगळ्या बिया सारख्याच वजनाच्या असतात, ही समजूत मात्र खरी नव्हे. त्या पारखून घ्याव्या लागत. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली, तरी ‘गुंजभर सोने’ बोलीतून गेले नाही.

याच बीचा दुसरा हिशेब काळा आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात बिया भिजवून, वाटून त्यांच्या टोकदार सुया वळीत, उन्हात वाळवीत आणि लाकडी मुठीत बसवून जनावराच्या कातडीखाली खुपशीत. जनावर दोन-चार दिवसांनी मरे. रोगाने गेले की साप चावला, हे धन्याला उमगत नसे. मारणाऱ्याचा डोळा कातड्यावर असे. सरकारी कागदांनी या गुन्ह्याचे खापर एका सबंध जातीवर फोडले. काहींचा अपराध जन्माने सर्वांच्या माथी मारणारी ही लेखणी त्या विषाहून कमी घातक म्हणता येणार नाही.

वॉर्डन आणि वॅडेल यांनी १८८४ साली कलकत्त्यात हे विष जंतूंचे नसून बीतील द्रव्याचे आहे, असे सिद्ध केले. पुढे १८९१ मध्ये पॉल एर्लिख यांनी ते उंदरांना चढत्या मात्रेने देऊन शरीर प्रतिविष निर्माण करते, हे दाखविले. रोगप्रतिकाराच्या शास्त्राचा एक पाया असा या रानबीवर उभा आहे!

अॅब्रिन हे त्या विषाचे नाव. ते पेशींतील प्रथिननिर्मिती थांबवते; त्यावर नेमका उतारा आजही नाही. अखंड बी गिळली गेली, तर कठीण कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते. चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी मात्र निराळी. इंग्लंडमधील ईडन प्रकल्पाने २०११ साली अशा मण्यांची विकलेली कंकणे ग्राहकांकडून परत मागविली होती. आपल्याकडे गुंजांच्या माळा जत्रेत, देवस्थानाबाहेर उघड्यावर मिळतात, आणि त्या बहुधा लहानग्यांच्याच गळ्यात पडतात.