निरोगी पानातला बिऱ्हाडकरू

हिरवंगार, डाग नसलेलं पान दिसलं की आपण म्हणतो, झाड निरोगी आहे. बुरशी म्हटलं की आपल्याला आठवतो तो शिळ्या भाकरीवरचा बुरा, नाहीतर बाजरीच्या कणसावरचा अरगट. पण निरोगी पानाच्या आतही बुरशी नांदत असते, बाहेर कसलीही खूण न दाखवता. तिला आंतरवासी बुरशी म्हणतात. ती शोधायची कशी, आणि तिची प्रजाती नवी आहे हे ठरवायचं कसं? यासाठी मला अमेरिकेतल्या एका गवताची कथा सांगावीशी वाटते.

टॉल फेस्क्यू हे ते गवत. त्याचा एक चिवट वाण १९३१ मध्ये केंटकी राज्यातल्या एका डोंगरउतारावर सापडला. १९४३ मध्ये तो शेतकऱ्यांना मिळाला आणि पुढे लाखो एकर कुरणांवर पसरला. गवत हिरवंगार, पण त्यावर चरणारी गुरं लंगडू लागली. काहींच्या शेपटीची टोकं झडली. उन्हाळ्यात ती धापा टाकत, दूधही घटे. पानं मात्र स्वच्छ!

१९७७ मध्ये चार्ल्स बेकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडा केला. जॉर्जियातल्या ज्या कुरणात गुरं आजारी होती, तिथल्या जवळपास प्रत्येक रोपात, पेशींच्या मधल्या फटींतून बुरशीचे बारीक तंतू गेलेले दिसले. निरोगी गुरांच्या कुरणात अशी रोपं तुरळक होती.

आता कुणी म्हणेल, हवेतली बुरशी पानावर बसली असेल. म्हणून अशा तपासणीत पान आधी अल्कोहोल आणि ब्लीचच्या द्रावणात धुतात. मग त्याचे तुकडे अगारवर ठेवतात. शेवटचं धुवणही वेगळ्या बशीत घालतात. त्यात काही उगवलं नाही आणि तुकड्यातून बुरशी बाहेर आली, तर ती आतलीच.

पुढचा प्रश्न नावाचा. आधी तिला 'एपिक्लोई टायफिना' ही जुनीच प्रजाती मानलं गेलं. पण ती गवताच्या फुलोऱ्याच्या दांड्याला पांढरं वेष्टण घालून फुलोरा कोंडते. टॉल फेस्क्यूत तसं काही दिसत नव्हतं, इथे बुरशी बियांतूनच पुढच्या पिढीत जात होती. मॉर्गन-जोन्स आणि गाम्स यांनी तिची वाढ व बीजाणू तपासून १९८२ मध्ये तिला नवी प्रजाती म्हणून नाव दिलं. डीएनए तपासणीनंतर ती तीन पूर्वज प्रजातींच्या संकरातून आल्याचं कळलं. आज तिचं नाव 'एपिक्लोई सीनोफायला' आहे.

आता नवी प्रजाती मांडताना वर्णन आणि नावाची अधिकृत नोंद लागते, डीएनएही सहसा तपासतात. मूळ नमुना जपून ठेवावा लागतो. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असे नमुने जतन होतात.

एवढा खटाटोप कशाला? बुरशी काढून टाकली तर गुरं सुधारतात, पण गवत दुष्काळात आणि किडीपुढे टिकत नाही. ती विष बनवते, तशीच गवताला तारतेही. ओळख पक्की झाल्यामुळेच शास्त्रज्ञांना तिचे, गुरांना घातक विष न बनवणारे वाण निवडता आले. ते असलेलं बियाणं आज तिथे विकत मिळतं. गवतही टिकतं आणि गुरंही.